डब्याखालचा कागद

कापड गिरणीच्या वहीफणी खात्यात दोघी जावा समोरासमोर बसत, पण एकमेकींचं तोंड कधी अख्खं दिसायचं नाही. मध्ये सोळा वह्या टांगलेल्या. वही म्हणजे एक लांबट चौकट. तिच्यात शेकड्यांनी उभ्या तारा आणि प्रत्येक तारेला मधोमध सुईच्या नेढ्यासारखा एक डोळा. मागे धाकटी बसायची. बीमवर, म्हणजे लांब जाड रुळावर, गुंडाळलेल्या हजारो धाग्यांतला एकेक धागा क्रमाने सोडवून ती पुढे करायची. पुढून थोरली पातळ पोलादी आकडी नेमक्या वहीच्या डोळ्यातून घालायची आणि धागा सुळकन ओढून घ्यायची. असे पाच-पाच हजार धागे. कुठला धागा कुठल्या वहीत, यावर कापडाची नक्षी ठरते. एक जरी शेजारच्या वहीत गेला तर कापडात केसाएवढी रेघ उमटते, आणि बीम संपेपर्यंत, हजार मीटर असो की दोन हजार, ती रेघ काही साथ सोडत नाही.

गिरणीचा नियम असा, की नमुन्याचा कागद मागे बसणारीने डोळ्यांपुढे धरायचा आणि आकडे मोठ्याने वाचायचे. पुढचीने ऐकायचं आणि ओवायचं. एक, पाच, नऊ, तेरा. दोन, सहा, दहा, चौदा. बाकीच्या चार जोड्या तशाच काम करत, त्यामुळे खात्यात दिवसभर पाढ्यांच्या वर्गासारखा गलका असे. या एकाच जोडीत सामसूम, पण त्या गलक्यात ती कुणाच्या लक्षात येत नसे.

खात्याचा मुकादम, जॉबर, सकाळी नवा नमुना आणून द्यायचा. थोरली एका हातात कागद धरायची, दुसऱ्या हाताने चहात पाव बुडवायची. पाव संपला की कागदही संपला. मग त्याच्या चार घड्या घालून ती तो जेवणाच्या डब्याखाली सारायची आणि संध्याकाळपर्यंत त्याचं तोंड बघायची नाही. तीनशे-साडेतीनशे आकड्यांची ओळ. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. धाकटी लग्न होऊन या घरात आली, महिन्याभरात या खात्यात आली, आणि पहिल्याच दिवशी तिने रीतसर कागद मागितला. थोरली म्हणाली, "तू धागा दे. आकडे माझ्यापाशी आहेत." कपाटाच्या किल्ल्या माझ्यापाशी आहेत म्हणावं, तितक्या सहज.

त्याला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत धाकटीला त्या डोक्याची सवय व्हायला हवी होती, पण झाली नव्हती. एकदा अर्धा बीम ओवून झाला असताना थोरलीची आई गेल्याचा निरोप आला. ती उठली ती पाचव्या दिवशी परतली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. स्टुलावर टेकली, आकडी उचलली आणि थेट अकराव्या वहीत घातली. धाकटीने चोरून कागद काढून मोजलं. अकराच.  माणूस आईला पोचवून येतो आणि त्याच्या डोक्यात एकशे त्र्याण्णवावा धागा जिथल्या तिथे वाट बघत उभा असतो, हे तिला भुतापेक्षाही अजब वाटलं.

नियम मोडत होता, म्हणून ही गोष्ट दोघींतच राहिली. जॉबर जवळून गेला की धाकटी ओठ हलवायची. त्या ओठांवर आकडे नसत, घरात संपलेल्या जिनसा असत. कांदे, साबण, काडेपेटी. जॉबर समाधानाने पुढे जायचा.

खात्यात आणखी एक जुनी रीत होती: जोडीचा डबा एकच. दोन पोटांत एकच अन्न गेलं की चार हात एका डोक्याने चालतात, असं बाया मानत. या दोघींचा डबा भरायचे थोरलीचे मालक, म्हणजे धाकटीचे भाऊजी. त्यांचं कोपऱ्यावर मटणाचं दुकान. दिवसाआड परतलेली कलेजी डब्यात असायचीच. बायकोच्या डोक्याचं श्रेय ते उघडपणे स्वतःकडे घेत. गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या हिला अख्ख्या गल्लीच्या जन्मतारखा तोंडपाठ. का? कलेजी. तुम्ही पावशेर नेता, म्हणून तुमच्या पोराला सतराचा पाढा येत नाही."

तीन वर्षांपूर्वी धाकटीने मटण-कलेजी सोडली. कुणी सांगितलं नाही, कुठे ऐकलं नाही. भाऊजींना रिकामा डबा परत द्यायला ती दुकानामागच्या गोठ्यात गेली होती. तिथे दावणीच्या एका मेंढीने तिच्या हाताला लागलेलं मीठ चाटलं. बराच वेळ, मन लावून. त्या दिवसापासून मटण गळ्याखाली उतरेना. पुढे अंडी गेली, मग दूधही गेलं. घरात महाभारत झालं. नवरा दोन दिवसांत गप्प झाला, भाऊजी अजून झाले नव्हते. थोरलीने एवढंच विचारलं, "आणि डबा?"

डबे दोन झाले. खात्यातल्या बायांनी नाकं मुरडली. धाकटी वाटाणे, घेवडा, शेंगदाणे, हिरवा पाला असं आणू लागली. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तेव्हाच समोर बसवून बजावलं होतं: खा काय खायचं ते, पण आठवड्याला ही एक लाल गोळी चुकवायची नाही. या अन्नात एक गोष्ट नसते आणि तिच्यावाचून डोकं नि नसा हळूहळू विझतात. धाकटी मनाने भोळी, पण नेमाला पक्की. गोळ्या तिने रिकाम्या बॉबिनच्या डबीत ठेवल्या आणि दर रविवारी केस धुतले की एक घ्यायची. दर सहा महिन्यांनी बाई तिला बोलावून तेच तीन प्रश्न विचारत. बोटांना मुंग्या येतात का? जीभ चुरचुरते का? अंधारात तोल जातो का? ती तीनदा नाही म्हणायची आणि घरी यायची.

पहिली रेघ थंडीच्या सुरुवातीला निघाली. कापड तपासणाऱ्याने उजेडाच्या टेबलावर बोट ठेवून ती दाखवली. एकोणीस वर्षांत पहिली म्हणून जॉबर हसला, म्हणाला, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीत वाटतं. पंधरा दिवसांत दुसरी निघाली, मग एकाच बीममध्ये तीन. माग थांबले, धागे कापून पुन्हा ओवावे लागले. जॉबरचं हसू आटलं.

आकडे वाचायचं काम धाकटीचं, म्हणजे चूक धाकटीची. कुणाला शंकाही आली नाही; कारण तर समोर डब्यातच दिसत होतं. पाला खाऊन डोकं चालतं होय? शेळी कधी पाढे म्हणते का? डोक्याला ताकद म्हणून एकीने तिच्या हातावर साखर ठेवली, दुसरीने उकडलेलं अंडं. भाऊजींनी तर जेवताना जाहीरच करून टाकलं की तीन वर्षं लागली, पण शेवटी मेंदूला कळलं की वर काही येत नाहीये.

धाकटी ऐकून घ्यायची. एका वाक्यात ती सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती: कागद मी वाचतच नाही. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य येत होतं आणि ते तिला मनातही पुरतं म्हणवत नव्हतं. थोरली विसरू लागली होती. वह्यांच्या हजार तारांतून धाकटीला तिच्या तोंडाचे तुकडे दिसत: इथे एक डोळा, तिथे अर्धी भुवई. पूर्वी त्या डोळ्यात एक स्थिर उजेड असायचा, लांबचं वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात असतो तसा. आता आकडी मध्येच थबकायची आणि तो डोळा पाण्यात पडलेली वस्तू शोधावी तसा काहीतरी शोधायचा. मग आकडी कुठल्यातरी वहीत शिरायची. आणि भीतीची गोष्ट अशी, की थोरलीला हे ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी तिने बरोबरच ओवलेलं असे. गडबड मागे होत असणार, धागा द्यायला चुकत असणार, असंच ती धरून चालली होती.

धाकटीने एक उद्योग सुरू केला. जॉबरकडून नमुना ती स्वतःच आणायची आणि जिन्यात उभी राहून घोकायची. एक-पाच-नऊ-तेरा. दीडशेपर्यंत यायची, मग सगळं एकमेकांत मिसळायचं. तेव्हा तिला खरा अंदाज आला. आपण दीडशेला धापा टाकतोय आणि ही बाई एका पावात साडेतीनशे गिळत होती. विहिरीत वाकून बघावं आणि तळ दिसू नये, तसं तिला झालं. जेवढं येत होतं तेवढं ती मागून हळूच पुटपुटू लागली. दुसऱ्याच दिवशी तारांपलीकडून आवाज आला, "कांदे-साबण ठीक होतं. आकडे म्हणू नकोस, माझं चुकतं."

मग जॉबरने निकाल दिला. नव्या ऑर्डरचा बीम येत होता, सहाशे चाळीस आकड्यांचा नमुना, गिरणीत आजवर न झालेला. सोमवारी तो सुरू होणार. त्याच्या आत धाकटीच्या जागी दुसरी बाई बसेल, धाकटी सुताच्या गोदामात जाईल. थोरली जॉबरशी भांडली. म्हणाली, हिला काढलं तर मी आकडी खाली ठेवते. जॉबर म्हणाला, मग हिचं डोकं ताळ्यावर आणा.

शनिवारी दुपारी थोरलीने स्वतःच्या हाताने कलेजी परतली आणि ताटली घेऊन धाकटीच्या खोलीत आली. येताना तिने दाराची चौकट धरली, मग कपाट धरलं, मग पलंगाचा दांडा. धाकटीने ते पाहिलं. ताटली खाली ठेवताना चमचा बोटांतून निसटला. थोरलीने बोटं एकमेकांवर चोळली.

"एक तुकडा खा," ती म्हणाली. "मेंढीची माफी मी मागीन. माझ्यासाठी खा. दुसऱ्या बाईच्या हातचा धागा मला चालायचा नाही."

"ताई, बोटांना काय झालंय?"

"मुंग्या आल्यात. महिना झाला, जातच नाहीत. विषय बदलू नकोस."

"तुम्ही चहा निववून पिता हल्ली."

"जीभ सोलल्यासारखी झालीय. खातेस की नाही?"

धाकटी ताटलीकडे बघत राहिली. तीन वर्षं दर सहा महिन्यांनी जे तीन प्रश्न तिला विचारले जात होते, त्यांची उत्तरं तिच्यासमोर उभी होती, दांड्याला धरून, हातात कलेजीची ताटली घेऊन. प्रश्न एकीला आणि उत्तरं दुसरीच्या अंगात.  तिने ताटली बाजूला सारली.

"ताई, आपल्यात कागद कोण वाचतं?"

थोरलीने चमचा उचलून ताटलीत ठेवला.

"मी धागा देते. आकडे तुमच्यापाशी असतात. मग चुकतं कोण?"

थोरलीचा चेहरा आधी तापला, मग हळूहळू उतरला. ती पलंगावर बसली. "कालचा नमुना म्हणून दाखवते," ती म्हणाली आणि सुरू केलं. एक, पाच, नऊ, तेरा; आवाज ठाम होता. साठ झाले, सत्तर झाले. ब्याऐंशीव्याला ती थांबली. पुन्हा मागे जाऊन आली, पुन्हा तिथेच थांबली. अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी समजून टाकलेलं पाऊल हवेत पडावं, तसं तिचं तोंड झालं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"हे कधीपासून?" शेवटी तिने विचारलं. आणि लगेच, "तू इतके दिवस माझं ऐकून घेतलंस?"

त्याच संध्याकाळी धाकटी तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, तळव्यांना कंप पावणारा लोखंडी चिमटा लावून पाहिला, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर थोरली डुलली. रक्ताचा कागद सोमवारी सकाळी आला. भाऊजी दुकान बंद करून आले होते, ते तो कागद बघून जवळजवळ भांडणावरच आले. जे पालेखाऊ धाकटीला व्हायला हवं, ते कलेजी खाणाऱ्या बाईला कसं होईल? बाटल्यांची अदलाबदल झाली असणार.

बाई शांतपणे म्हणाल्या, अदलाबदल नाही. अन्नात ती गोष्ट भरपूर आहे, पण ती उचलून रक्तात न्यायला पोटात एक हमाल लागतो. वय झालं की कुणाकुणाच्या पोटातला तो हमाल काम सोडतो. मग कलेजी रोज दारावरून जाते, आत कुणी घेत नाही. साठा बरीच वर्षं पुरतो, म्हणून कळत नाही. धाकटीचा हमाल ठणठणीत आहे आणि ती गोळी चुकवत नाही, म्हणून तिचा हिशेब पूर्ण.

"लागते तरी किती ही गोष्ट?" धाकटीने विचारलं.

बाईंनी टेबलावरच्या पुडीतून मिठाचा एक कण बोटावर घेतला. "याचे पंचवीस तुकडे करता आले तर त्यातला एक. दिवसाला."

 तिघंही त्या बोटाकडे वाकले. साडेतीनशे आकडे, मेलेली आई, अकरावी वही, एकोणीस वर्षांची ती सामसूम, आणि हे सगळं तोलून धरणारा मिठाच्या कणाचा पंचविसावा भाग. धाकटीला श्वास टाकायचीही भीती वाटली, उडून जाईल म्हणून.

बाई पुढे म्हणाल्या की गंमत अशी, ही गोष्ट बकरं बनवत नाही आणि पालाही बनवत नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू बनवतात. ते बकऱ्याच्या पोटात असतात, तिथून ती कलेजीत साठते. गोळीतलीही त्यांनीच बनवलेली असते. भाऊजींनी कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर जंतूंचा दलाल." बाई हसल्या. इंजेक्शनची कुपी त्यांनी उजेडात धरली. आतलं पाणी लालभडक होतं, कापलेल्या कलिंगडासारखं. थोरली त्या लालीकडे बघत राहिली आणि तिने दंड पुढे केला.

सगळं परत येईल का, असं तिनेच विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. डोकं बहुतेक येईल, महिने लागतील. बोटांचं सांगता येत नाही.

दवाखान्यातून थोरली सरळ खात्यात गेली. नवा बीम चढवून ठेवला होता, धाकटीच्या स्टुलावर दुसरी बाई बसली होती. चारही जोड्यांसमोर थोरली जॉबरला म्हणाली, "रेघा माझ्या आहेत. आमच्यात कागद कुणी वाचत नव्हतं, मी डोक्यातून ओवत होते. डोकं आजारी आहे. गोदामात पाठवायचं तर मला पाठवा."

पाढ्यांचा गलका थांबला. जॉबरला आधी वाटलं ती जावेला वाचवतेय. मग त्याने एकोणीस वर्षांचे बीम मनाशी मोजले असावेत, कारण तो हळूच म्हणाला, "डोक्यातून? सगळे?" आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तो बीम दुसऱ्या जोडीने ओवला. थोरली गोदामात गेली, धाकटी तात्पुरती त्या नव्या बाईच्या जोडीला बसली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने आकडे वाचू लागली. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला इंजेक्शन. चौथ्या महिन्यात थोरली जेवताना भाऊजींना म्हणाली, तुमच्या आत्याच्या लग्नात तुम्ही जी चप्पल हरवली ती तपकिरी होती. भाऊजींनी घास तसाच धरून ठेवला. डोळे पुसले आणि म्हणाले, काळी होती. खरं तर ती तपकिरीच होती. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

बोटं मात्र आली नाहीत. टोकांना कायमचे सुती मोजे चढल्यासारखं झालं. आकडीचं टोक बारीक डोळ्यात नेणं तिला जमेना. म्हणून आठव्या महिन्यात जॉबरने दोघींना पुन्हा जोडीला बसवलं, तेव्हा जागा बदलल्या. धाकटी पुढे, आकडी घेऊन, थोरली मागे. धागा पुढे करायला तिची बोटं पुरत होती.

सहाशे चाळीसचा नमुना पुन्हा आला होता. थोरलीने कागद हातात घेतला. पूर्वी एक पाव लागायचा, त्या दिवशी तीन लागले. धाकटीने चहा दोनदा भरला. शेवटी थोरलीने कागदाच्या घड्या घातल्या, जराशी थांबली आणि तो डब्याखाली सारला. डबे दोन होते. तिने धाकटीच्या घेवड्याच्या डब्याखाली ठेवला.

मग ती म्हणाली, "एक."

एकोणीस वर्षं जे आत चालायचं, ते आता बोलावंच लागणार होतं, कारण आकडी दुसरीच्या हातात होती. पाच. नऊ. तेरा. तिचा आवाज कोरडा, ना चढ ना उतार, पाणी नळीतून यावं तसा. शंभरावर शेजारच्या जोडीने वाचणं थांबवलं. दोनशेवर खात्यात दुसरा आवाज उरला नव्हता. बाया आपापल्या तारांआडून बघत होत्या. कापड तपासणारा टेबल सोडून दारात येऊन उभा राहिला. धाकटी ओवत होती आणि तिला वाटत होतं, आपण इतकी वर्षं एका बंद दारापाशी बसून होतो, आणि आज ते उघडून आत केवढी मोठी जागा आहे ते कुणीतरी दिवा घेऊन दाखवतंय. तीनशे. चारशे. पाचशे.

पाचशे बाराव्याला आवाज थांबला.

तारांमधून धाकटीला एक डोळा दिसला. तो शोधत होता.  "थांब, बघते," थोरली म्हणाली. तिने डबा उचलला, कागद उलगडला, बोट फिरवत खाली आली. मग कागद पुन्हा चार घड्यांचा झाला.

"अकराच. आलं होतं मनात, पण विश्वास ठेवला नाही."

तिने धागा पुढे केला. धाकटीची आकडी आधीच अकराव्या वहीच्या डोळ्यातून पलीकडे येऊन उभी होती.